किल्ल्यात बारा जण होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला नगरच्या भुईकोट किल्ल्यावरचा लेख वाचला. भाषा छान आहे, पण तो वाचून तिथे एकटे पंडित नेहरूच कैदेत होते असं कुणालाही वाटेल. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे बारा जणांना आणून ठेवलं होतं. सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत यांना तुम्ही विसरलात. पण मराठी वर्तमानपत्राला शंकरराव देवही आठवू नयेत? नेहरूंनी १९४४ मध्ये त्या कैदेत लिहिलेलं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ सोबतच्या बंदिवानांनाच अर्पण केलं आहे. अर्पणपत्रिका सुरुवातीलाच असते, तेवढी तरी उघडून बघायची.

माझा हा राग जुना आहे. काही वर्षांपूर्वी थोरल्या मामांना घेऊन एका सहलीबरोबर तिथे गेलो होतो. मौलाना आझादांची तिथून लिहिलेली पत्रं, ‘गुबार-ए-खातिर’, मामांनी उर्दूतून वाचली होती. ९ एप्रिल १९४३ रोजी मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना किल्ल्यातच होते. त्या आजारी असतानाही सरकारपुढे हात पसरायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. नंतरच्या पत्रात ते आवारातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात. कुणाची ते माहीत नाही, शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. पण आता तिच्याबद्दल वेगळीच माया वाटू लागली.

मामांना ती जागा शोधायची होती. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसून ते भिंतीकडेनं खाली बघत हळूहळू निघाले, तोच सहलीवाल्याची हाक आली : “काका, नेहरूंची खोली झाली ना बघून? चला, गाडीत बसा.” वीस मिनिटांत सगळं आटोपलं. परतीच्या वाटेवर मामा एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा सावकाश येऊ, असं मी त्यांना म्हणालो होतो. ते राहून गेलं, आता मामाही नाहीत.

तुमच्या लेखातही पुन्हा ती एकच खोली. पुढच्या रविवारी निदान बाराही नावं चौकटीत छापा, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो दुसऱ्याच किल्ल्याचा आहे. नगरचा किल्ला सपाटीवर आहे, भोवती खंदक आहे. फोटोत डोंगराचा कडा दिसतो.

आपला,
एक जुना वाचक