कन्हानच्या पुलापलीकडे

धरमपेठ, नागपूर
7 डिसेंबर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

मी रामटेकला जाऊन आलो. सायकलनं. घरून निघून घरी परत, 103 किलोमीटर, एका दिवसात.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मागच्या वेळी तू फोनवर म्हणालास, "विलास, आपलं सायकलवरचं फिरणं संपलं रे आता," आणि मी त्यावर काहीच बोललो नाही. बोललो नाही ते तेव्हापासून आत टोचत होतं. म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

1983 ची दिवाळीची सुट्टी आठव. आपण दहावीत. तुझ्याकडे अण्णांची काळी सायकल, माझ्याकडे काकांची, जिच्या सीटवर बसलं की माझे पाय पायडलला जेमतेम पुरायचे. पहाटे निघालो रामटेकला म्हणून. कन्हान नदीच्या पुलावर पोचलो तोवर ऊन चढलं होतं. तू कठड्याला सायकल टेकवलीस आणि म्हणालास, "जाऊन तर पोचू बे, पण वापस कसं यायचं?" मग वाळूत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि तिथूनच परत फिरलो. घरी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर एसटीनं, लग्नाच्या वऱ्हाडातून, मुलांच्या सहलीबरोबर कितीदा तरी त्या पुलावरून गेलो. दर वेळी मान आपोआप त्या वाळूकडे वळायची.

जायची ताकद होती नं आपल्यात. धास्ती होती ती परतीची. आणि या बॅटरीच्या सायकलीनं माझ्यातून काय काढून घेतलं असेल, तर ती धास्ती.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला घेतली ती. तुला वाटत असेल, हँडलचा कान पिळायचा आणि बसून राहायचं. तशी सोय आहे तिच्यात, पण मी ती वापरत नाही. पायडल मारावंच लागतं. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध आहे, 250 वॉटची, आणि माझ्या सायकलीतला सेन्सर पायाचा जोर मोजतो. मी जेवढं दाबेन त्या मानानं ती हात देते. स्वस्त सायकलींत पायडल फिरतं आहे की नाही एवढंच कळणारा सेन्सर असतो. त्यात मोटर एकदम सुरू होते, एकदम बंद होते, पाठीत कुणी ढकलल्यासारखं वाटतं. दोन्ही चालवून बघितल्या, मग जास्त पैसे घातले, आणि त्याचा एकदाही पस्तावा झाला नाही. ताशी 25 च्या वर गेलो की मोटर गप्प होते, पुढचं आपलं आपण. म्हणूनच हिला लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. हेल्मेट मात्र मी घालतो, तूही घालायचं.

माझा उजवा गुडघा तुला माहीतच आहे. तो सपाट रस्त्यावर कधी कुरकुरत नाही. सिग्नलवरून निघताना पहिले चार झटके आणि चढ, एवढ्यानंच तो दुखतो. नेमकी तिथंच मोटर येते. बाकी घाम येतो, मांड्या भरून येतात, रात्री झोप गाढ लागते. तू तुझ्या डॉक्टरांना विचारच, पण "मोटरसायकल" असं सांगू नकोस, नीट समजावून सांग.

आता निघालो कसा ते ऐक. मीटर घरी शून्य केला होता, पण मनातला प्रवास झिरो माईलच्या दगडापासून मोजला. त्या चार घोड्यांसमोर एक मिनिट थांबलो. थंडी एवढी की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. मग कस्तुरचंद पार्काजवळ पोहे. वाफेवरचे पांढरे पोहे, वर चण्याची लालभडक तर्री, कांदा, बारीक चिरलेला सांबार. (तुमच्या पुण्यात सांबार मागितला तर इडलीच येईल, इथं अजून कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, आणि म्हणत राहोत.) तर्री दुसऱ्यांदा घ्यायचा मोह आवरला. सायकलवर निघालेल्या माणसानं सकाळी अर्धपोटी राहावं, हे मी वर्षभरात शिकलो. पोहे लवकर पचतात, तर्रीतलं तेल दोन तास छातीशी बसतं.

कामठी रोड तुला ओळखू येणार नाही. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वेचे रूळ, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. मी सगळ्यांत खालून, डावी कड धरून गेलो. इंदोरा मागे पडलं की रस्ता मोकळा होत जातो. कामठीत ड्रॅगन पॅलेसच्या बाजूला चहा घेतला. 1999 मध्ये ते बुद्धविहार उभं राहिलं तेव्हा तू पुण्याला गेला होतास. आत येऊन बसलास तर बोलणं आपोआप बंद होतं, एवढी शांतता आहे. मी फक्त बाहेरून हात जोडले, कारण पुढे पूल होता.

पुलावर उतरलोच. आपला जुना दगडी पूल शेजारी उभा आहे. पाणी थोडं, वाळू तेवढीच. डिस्प्लेवर बॅटरीच्या पाचातल्या चार काड्या शिल्लक होत्या, पायांत जोर होता, साडेआठही वाजले नव्हते. मला एकदम रडू आलं नंदू. एक ट्रकवाला वेग कमी करून "काका, ठीक आहे नं?" म्हणून विचारून गेला. ठीकच होतो. मी पुढे निघालो.

पुढचा रस्ता गोड करून सांगत नाही. हायवे आहे, ट्रक अंगावरून जातात, त्यांच्या वाऱ्यानं सायकल हलते. आरसा बसवून घेतला आहे तो तिथं कामी आला. मनसरजवळ उजवीकडे वळलं की जीव भांड्यात पडतो. मँगनीजच्या खाणींचा तो परिसर, आणि तिथल्याच टेकाडांत उत्खननात वाकाटकांच्या काळच्या इमारती सापडल्या. जरा पलीकडे नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. शाळेत आपण हे पाठ करायचो. सायकलच्या वेगानं गेलं की ती नावं जमिनीवर येतात: हे टेकाड, तो किल्ला, समोर गड. कारमध्ये हे तिन्ही दहा मिनिटांत संपतं.

पावणेअकराला रामटेक.

आता बॅटरीचा हिशोब सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. माझी बॅटरी 36 व्होल्ट, 14 अँपिअर-अवर, म्हणजे साधारण 500 वॉट-अवर. अर्धा युनिट वीज, बस. सगळ्यांत कमी मदतीवर चालवली तर किलोमीटरला सहा-सात वॉट-अवर जातात, समोरून वारा असला आणि मदत वाढवली की दहा-बारा. रामटेकला पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त संपली होती. तेवढ्यावर परत येणं शक्य नव्हतं. माझा चार्जर तीन अँपिअरचा, तो बरोबर ठेवतो. तीन तास लावला की परतीपुरतं भरतं. म्हणजे तीन तास रामटेकला बसणं भागच.

आणि हे बसणंच मला मिळालं. नाहीतर आपण काय करतो? दर्शन घेतो, जेवतो, गाडीत बसतो.

गडाच्या पायथ्याशी एक छोटी खानावळ आहे. बॅटरी काढून हातात घेतली आणि प्लग मागितला. मालकाची आई चुलीपाशी बसली होती, म्हणाली, "लाव नं बाप्पा, अन् तू बी बस जेवाले." ज्वारीची भाकर, झुणका, वांग्याची भाजी, ठेचा, कच्चा कांदा. भाकर तव्यावरून उतरून निखाऱ्यावर फुगायची आणि थेट ताटात यायची. मी चार खाल्ल्या. जेवण झाल्यावर विजेचे वीस रुपये वेगळे ठेवले तर तिनं ते परत माझ्या खिशात घातले. मग मी तिच्याकडून पावशेर ठेचा विकत घेतला. इथून पुढे हाच नियम: प्लग जिथं, जेवण तिथंच, आणि घरी न्यायला काहीतरी तिथूनच.

मग अंबाळा तलावाकडे पायी गेलो. वाटेत एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती, काळे, गरम. तिथं एक म्हातारेबुवा भेटले, त्यांच्या घरी पूर्वी कपुरी पानाचा मळा होता. वेलीला ऊन सोसत नाही, सावली लागते, ओल लागते, रोज हात फिरवावा लागतो, हे त्यांनी तासभर सांगितलं. मळा आता नाही. सांगताना ते बोटांनी हवेत वेल बांधत होते. तेवढा वेळ माझ्यापाशी होता म्हणूनच ते मला दिसलं.

गडावर चढलो नाही. पायऱ्या जमल्या असत्या, वरपर्यंत सडकही आहे. पण तो तुझ्यासाठी राखून ठेवला.

परतीला वारा समोर होता आणि मला भीती वाटली नाही. एवढंच लिहितो.

सगळ्याच फेऱ्या अशा सरळ झाल्या नाहीत. फेब्रुवारीत आदासाला गेलो होतो, कळमेश्वर-धापेवाडा करत. धापेवाड्याला तिथल्या चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचं दर्शन, आदासाला शमीविघ्नेश गणपती. येताना डिस्प्लेवर दोन काड्या दिसत होत्या, मी निश्चिंत होतो. त्या काड्या सारख्या मापानं उतरत नाहीत रे. पहिल्या दोन हळू जातात, शेवटच्या दोन बघता बघता. चढाला आणि वाऱ्याला बॅटरीवर ताण आला की व्होल्टेज एकदम पडतं. घर सहा किलोमीटर असताना मोटर बंद झाली. चोवीस किलोची सायकल नुसत्या पायांनी ओढत आणली, दोन दिवस गुडघ्याला शेकत बसलो. तेव्हापासून काड्या बघत नाही, किलोमीटर आणि वारा बघतो, आणि अर्धी बॅटरी उरली की प्लग शोधतो.

पण त्याच फेरीत संत्र्याच्या बागांमधून गेलो होतो. एका बागेत मृग बहाराची फळं तोडणीला आलेली, आणि लगतच्या बागेत ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, सोडलेल्या झाडांवर आंबिया बहाराची पांढरी फुलं. एका बाजूला करंड्यांमध्ये संत्री, दुसऱ्या बाजूला फुलांचा वास, आणि आवाज फक्त मधमाश्यांचा. ही सायकल आवाज करत नाही, हे तिचं मला सगळ्यांत आवडतं. बागवानानं दोन संत्री हातावर ठेवली. उन्हानं कोमट झालेली होती. बाजारातलं संत्रं तसं कधीच लागत नाही.

सावजीचं विचारशीलच. वाटेत नाही. सावजी मटण खाऊन पायडल मारणं म्हणजे दोघांवर अन्याय. ते घरी येऊन, गरम पाण्यानं अंघोळ करून, रात्री. महाल भागात जाऊ, चालत. उन्हाळ्यात फेऱ्या बंद. पहाटे अंबाझरीपर्यंत जाऊन येतो तेवढंच. मे महिन्यात बॅटरी घरात थंड जागी ठेवावी लागते, आणि उन्हातून आल्यावर निवल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही.

तू जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ये. हुरडा असेल, आंबिया फुलायला लागला असेल. माझ्या भाच्याकडे अशीच दुसरी सायकल आहे, त्याला विचारून ठेवलं आहे. पहिल्या दिवशी नुसते फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा असं फिरू, म्हणजे तुझा हात बसेल. दुसऱ्या दिवशी आराम, आणि वहिनी आल्या तर सुधा वडाभात करणार आहे, वर कडकडीत फोडणीचं तेल. तिसऱ्या दिवशी पहाटे रामटेक. थकलास तर येताना सायकल टेम्पोत टाकू, त्यात काही कमीपणा नाही. पण पुलापर्यंत तू चालवायची, आणि पुलावर आपण बसायचं.

पंक्चरची काळजी करू नकोस. मागच्या चाकात मोटर आहे म्हणून पंक्चरवाले हात लावायला घाबरतात, पण चाक काढावं लागतच नाही. टायर एका बाजूनं सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधायचं, जागेवरच ठिगळ लावायचं. मी शिकलो आहे, सामान बरोबर असतं.

तिखटमिठाच्या पुऱ्या सुधाला सांगितल्या आहेत. तिनं विचारलं किती करू. मी म्हटलं, दोघांच्या, 1983 च्या मापानं.

येताना जाड हातमोजे आण, आणि कानटोपी. तिकीट काढलं की कळव, मी स्टेशनवर येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विलास