उजवा हात मोडला तेव्हा आलेल्या, अपंगांसाठी मानधनावर काम करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

उजव्या मनगटात अजून बळ नाही, म्हणून हे पत्र भाचीकडून लिहून घेते आहे. उघडच लिहिते, कारण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझ्यासारख्या आया पुष्कळ आहेत आणि त्यांनाही हे कळायला हवं.

जुलैच्या पावसात अंगणातल्या शेवाळावरून मी घसरले. घरी येणारा प्रत्येक जण विचारत होता, "आता पोराचं कसं?" त्यांचंही खोटं नव्हतं. आमचा लेक २६ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे अंगावर ताबा नाही. त्याला उचलून खुर्चीत बसवायचं, भात कालवून भरवायचा, रात्री दोनदा कूस बदलायची, सगळं माझ्याच हातांवर. तुम्ही तीनचाकी स्कूटर दारात लावलीत, कुबडी टेकत आत आलात आणि आधी मला विचारलंत, "तुम्हाला कोण वाढतंय जेवायला?" मला रडूच फुटलं.

नणंदेला बोलावून घ्यायला तुम्हीच लावलंत. लेकाच्या अंगाखाली चादर घालून, ती ओढून दोघींनी कूस कशी बदलायची, ते तिला खाटेशी उभं राहून दाखवलंत. माझी पाठ २६ वर्षं मोडत होती, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग बँक. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये आणि सांभाळणाऱ्याचा भत्ता माझ्याच खात्यात येतो. डाव्या हाताची सही जुळेना. "हात बरा झाल्यावर या" म्हणून मला परत पाठवलं होतं. घरात औषधाला पैसे नव्हते. तुम्ही माझ्याबरोबर आलात आणि आवाज न चढवता मॅनेजरांना रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितलात: आजारी किंवा जायबंदी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस. हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाचासुद्धा चालतो. त्याच दिवशी डाव्या अंगठ्यावर पैसे मिळाले.

तो भत्ताही तुमच्यामुळेच. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी राज्य सरकारचे महिना १००० रुपये आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, फॉर्म सगळा कानडीत. एका ओळीवर बोट ठेवून तुम्ही वाचलंत, "आरैकेदारर हेसरु, म्हणजे सांभाळणाऱ्याचं नाव. इथं तुमचं." आजवर प्रत्येक कागदावर नाव लेकाचं, मी फक्त त्याचा अंगठा धरणारी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. हजारात काय होतं, असं लोक म्हणतात. होत नाही, खरंच आहे, वाढायला हवा. पण त्या महिन्यात आमची औषधं त्याच्यावर आली.

आणि जे मी वर्षानुवर्षं टाळत होते, ते तुम्ही प्लास्टर दाखवून विचारलंत: "उद्या तुम्ही नसलात तर?" लेक १८ चा झाला तेव्हापासून कायद्यानं मी त्याची पालक उरलेच नाही, हे मला माहीत नव्हतं. आई म्हटलं की झालं, असं वाटायचं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो आणि आईबाप आपल्या पसंतीच्या माणसाचं नाव सुचवू शकतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व, बहुविकलांगता, इतक्यांसाठी तो कायदा आहे. नणंदेनं माझ्याआधीच "माझं नाव घाला" म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली, ताई. पुष्कळ दिवसांनी.

मानधन तुमचं किती तुटपुंजं, ते मला माहीत आहे. बेळगावच्या फेऱ्यांचं पेट्रोलही तुम्ही घेतलं नाहीत.

नणंद मंगळवारी आधार कार्ड घेऊन येते म्हणाली आहे. फोटो दोन लागतील की तीन, तेवढा निरोप धाडा.

तुमची,
खानापूर तालुक्यातली एक आई