वॉशिंग्टन यांच्या गुलामांविषयीचे ते वाक्य दुरुस्त करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे होत असल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर आलेला लेख वाचला. स्वातंत्र्ययुद्धातला व्हॅली फोर्जच्या छावणीतला तो हिवाळा आणि दोन मुदतींनंतर आपणहून पायउतार होणे, हे दोन्ही भाग लेखकाने फार जीव ओतून लिहिले आहेत. मात्र शेवटी ‘मृत्युपत्राद्वारे त्यांनी आपल्या सर्व गुलामांना मुक्त केले’ असे एक वाक्य आहे, त्यासाठी हे पत्र. हायस्कूलमध्ये ३१ वर्षे इतिहास शिकवताना मीही वर्गात हेच सांगत आले. म्हणूनच आता ते वाचून गप्प बसवेना.

१७९९ साली वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्र केले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ जण त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. विल्यम ली या जुन्या सेवकाला त्यांनी लगेच मुक्त केले आणि वर्षाला ३० डॉलर लावून दिले. बाकीच्यांची सुटका पत्नी मार्था यांच्या मृत्यूनंतर व्हायची होती, पण मार्थाबाईंनी १८०१च्या आरंभीच ती केली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण उरलेल्यांतले १५३ जण मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मिळकतीतले. त्या मिळकतीत विधवेचा हिस्सा फक्त हयातीपुरता होता. १८०२ मध्ये मार्थाबाई गेल्या आणि ही माणसे चार नातवंडांत वाटली गेली. दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्ने झाली होती. त्यामुळे नवरा मोकळा आणि बायको-मुले वाटणीत, अशी घरेच्या घरे फुटली.

या कस्टिस मिळकतीतल्या माणसांपैकी एक मला भेटली ती फिलाडेल्फियात. लेकीकडे गेले होते तेव्हा इकडच्याच एका टूर कंपनीबरोबर दोन दिवसांची सहल केली. लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा पाहिली, फोटो काढले आणि गाइडने सगळ्यांना बसकडे पिटाळले. घंटेच्या दालनाला लागूनच बिनछपराच्या, अर्धवट उभारलेल्या विटांच्या भिंती दिसत होत्या. ते काय आहे, असे विचारले तर ‘तिथं काही नाही, पुढं उशीर होईल’ असे उत्तर मिळाले. चार दिवसांनी लेकीला घेऊन मी परत तिथे गेले. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन राहत होते, त्या घराची ती जागा. मूळ घर १८३२ मध्ये पाडले गेले. उत्खननात लागलेला पाया काचेखाली दिसतो आणि तिथल्या दगडी भिंतीवर नऊ नावे कोरलेली आहेत. त्या घरात राबलेल्या नऊ गुलामांची. त्यांतले एक नाव ओना जज.

ओना माउंट व्हर्ननला जन्मली, १७७३च्या सुमारास. आई बेटी शिवणकाम करणारी गुलाम, बाप गोरा शिंपी. मूल आईच्या बाजूने मोजायचे हा कायदा, म्हणून ओना जन्मतःच कस्टिस मिळकतीत जमा. मार्थाबाईंचे कपडे, केस, शिवण-टिपण सगळे तिच्याकडे. १७९० मध्ये राजधानी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला आली, तशी तीही आली. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात १७८० पासून गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा होता. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला, तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून सहा महिने भरत आले की गुलामांना काही ना काही निमित्ताने राज्याबाहेर फिरवून आणले जाई. ही पळवाट १७८८च्या दुरुस्तीने बंद केलेली होती, तरीही. खुद्द गुलामांना आणि लोकांना सुगावा लागणार नाही अशा बहाण्याने हे करावे, असे वॉशिंग्टन यांनी १७९१ मध्ये आपल्या सचिवाला लिहिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे.

मार्थाबाईंच्या थोरल्या नातीचे, एलायझाचे, लग्न झाले आणि ओनाला तिच्याकडे द्यायचे ठरले. २१ मे १७९६. घरात व्हर्जिनियाला परतायची बांधाबांध चालू होती. आपले सामान ओनाने शहरातल्या कृष्णवर्णीय ओळखीच्यांकडे आधीच पोचवले होते. मालक मंडळी जेवायला बसली आणि ती घरातून निघून गेली. ‘नॅन्सी’ नावाच्या जहाजाने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला पोचली. जहाजाच्या कप्तानाचे नाव तिने तो हयात असेपर्यंत कुणाला सांगितले नाही.

लगोलग फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली. चेहऱ्यावर बरेच वांग, डोळे काळेभोर, केस दाट, अंगावर चांगले कपडे. धरून देणाऱ्यास १० डॉलर. तिने पळून जावे असे काहीही घडलेले नाही, असेही त्यात छापले होते. तीन वर्षांपूर्वी, १७९३ मध्ये, पळालेल्या गुलामांना परत आणण्याच्या कायद्यावर सही झाली होती ती वॉशिंग्टन यांचीच. पण त्या कायद्याने न्यायाधीशापुढे जावे लागे आणि बोभाटा झाला असता. म्हणून त्यांनी अर्थमंत्र्यांना लिहिले, अर्थमंत्र्यांनी पोर्ट्समथच्या जकात अधिकाऱ्याला. त्या अधिकाऱ्याने ओनाला गाठून विचारपूस केली. मालकांच्या मागे मुक्त करणार असाल तर परत येते, असे तिने कळवले. वॉशिंग्टन यांनी नकार दिला. पळून जाणारीला बक्षीस दिल्यासारखे होईल, मागे राहिलेल्या इमानी माणसांवर तो अन्याय ठरेल, हे त्यांचे म्हणणे.

इथे कुणी म्हणेल की कस्टिस मिळकतीला भरपाई दिल्याशिवाय तिला मुक्त करणे त्यांच्या हातात नव्हते. खरे आहे. पण तिचा पाठलाग न करणे तर हातात होते ना? वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या वर्षी, १७९९ मध्येही, मार्थाबाईंचा भाचा तिला न्यायला पोर्ट्समथला गेला होता. तोवर तिचे जॅक स्टेन्स या खलाशाशी लग्न होऊन पदरात मूल होते. भाचा ज्यांच्याकडे उतरला होता त्या सिनेटर लँग्डन यांच्या घरून तिला आगाऊ कळले, म्हणून ती शेजारच्या ग्रीनलंड गावी निसटली. तिच्या जागी एलायझाकडे कोण गेले असेल? तिचीच धाकटी बहीण. मला सगळ्यात जास्त लागले ते हे.

लेखातले वाक्य ‘सर्व’ म्हणते, पण ओना त्यात येत नाही. २५ फेब्रुवारी १८४८ रोजी ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळालेली गुलामच होती. नवरा लवकर गेला, दोन्ही मुली तिच्या आधी गेल्या, म्हातारपण हलाखीत गेले. मृत्यूच्या दोन-तीन वर्षे आधी गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांच्या लोकांनी तिला शोधून काढले. वॉशिंग्टन यांच्या घरात अक्षरओळख कुणी करून दिली नाही, वाचायला शिकले ते तिथून सुटल्यावर, असे तिने त्यांना सांगितले. तिथे इतके कष्ट नव्हते, मग सोडल्याचा पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर तिचे उत्तर होते : नाही, मी स्वतंत्र आहे.

जोतिराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना. त्यांच्या मराठी भाषेतल्या वर्तमानपत्रात हे वाक्य अर्धवट राहू नये, असे मला मनापासून वाटते. तेव्हा कृपा करून येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल एवढ्या अक्षरात दुरुस्ती छापावी. ‘स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना’ एवढे शब्द ‘सर्व’च्या जागी पुरेत. जागा असेल तर ओनाचे नावही द्यावे. आणि उन्हाळ्यात अमेरिकेच्या सहलीला निघणाऱ्या वाचकांनी लिबर्टी बेलजवळ गाइडकडून अर्धा तास मागून घ्यावा. त्या घराची जागा रस्त्यालाच आहे, तिकीट लागत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा