वस्तीतील घरांची दुरुस्ती आणि परवडणारे भाडे : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या वस्तीतील जुनी घरे राहण्याजोगी व्हावीत आणि आज तिथे राहणाऱ्या कुटुंबांना ती पुढेही परवडावीत, यासाठी रहिवासी मंडळ दुरुस्ती निधी उभारत आहे. या कामाला आपला हातभार हवा आहे.

सर्वांत बिकट अवस्था वरच्या मजल्यांची आहे. छतावर आधी तपकिरी डाग पडतो, मग पोपडे सुटतात आणि एक दिवस सळईच्या रेषेत सरळ भेग जाते. सळई गंजली की फुगते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून आतून रेटा बसून स्लॅबचा खालचा थर सुटतो. मग घरातली खाट भिंतीकडे सरकते आणि मुलांना त्या कोपऱ्यात बसू देत नाहीत. मूळ कारण बहुतेक वेळा साधे असते : गच्चीवर पाणी निघून जायची तुंबलेली जागा, बिघडलेला उतार किंवा पाइपचा एखादा सैल सांधा. वेळीच लक्ष दिले तर हे दिवसाभराचे काम. पुढे ढकलत गेले की स्लॅबच उतरवायची पाळी येते. ओल आणि बुरशीमुळे दमा बळावतो, खोकला हटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घर आणि आरोग्य या विषयावर २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगीच नव्हेत.

मग दुरुस्ती का होत नाही? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. मालकाच्या हाती येणारे भाडे इतके थोडे की त्यातून स्लॅबचे काम निघत नाही, आणि कागदपत्रे अपुरी असली की बँक दारात उभे करत नाही. मालकांना सरसकट दोष देणे आम्हाला पटत नाही. त्यांतले कितीतरी याच गल्ल्यांत राहतात.

पण नुसती दुरुस्ती करून भागत नाही. घर चांगले झाले की भाडे वाढते आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तोच बाहेर पडतो. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च परवडणारा, असा ढोबळ निकष जगभर वापरला जातो. तो ओलांडला की माणूस आधी औषधपाण्यात काटकसर करतो आणि शेवटी लांब राहायला जातो. मुलांची शाळा सुटते, काम दूर पडते, तान्ह्या बाळाला तासभर सांभाळणारी शेजारीण राहत नाही.

म्हणून आमचा निधी पैसे आणि करार एकत्र देतो. मालकाला दुरुस्तीसाठी बिनव्याजी रक्कम मिळेल, ती त्याने हप्त्यांनी फेडायची. बदल्यात कराराच्या मुदतीत भाडे ठरलेल्या मर्यादेतच वाढवायचे, राहत्या भाडेकरूला काढायचे नाही आणि घर विकायचे झाले तर आधी मंडळाला विचारायचे. परत आलेले पैसे पुढच्या घराला लागतील. स्वतःच्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडून मात्र परतफेड घेणार नाही.

हे वेडे स्वप्न नाही. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरच्या सान हुआन शहरात मार्तिन पेन्या कालव्याकाठच्या वस्त्यांपुढे हाच पेच होता. तुंबलेला कालवा साफ झाला असता तर जमिनीचे भाव चढून रहिवासी उठले असते. त्यांनी आग्रह धरला आणि २००४ च्या कायद्याने जमीन सामुदायिक विश्वस्त संस्थेकडे, म्हणजे रहिवाशांच्या वतीने ती सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली. घरे ज्याची त्याची राहिली. आपला करार त्या मानाने लहान आहे, पण दिशा तीच.

आपण काय देऊ शकता? एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दिलीत तर आम्हाला कामांची आखणी नीट करता येते. मोठी रक्कम बिनव्याजी ठेव म्हणूनही चालेल. उरलेल्या फरश्या, नवे पाइप, न वापरलेली वायर आनंदाने घेऊ. ओल लागून गोठलेले सिमेंट आणि जुन्या वायरी कृपया देऊ नका. त्यांनी धोकाच वाढतो. सर्वांत जास्त निकड आहे ती स्लॅब तपासून टेकू कुठे लावायचा हे सांगणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची. करार तपासायला वकील आणि सुट्टीच्या दिवशी वेळ देणारे गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियनही हवे आहेत. तरुणांनी घरोघरी जाऊन गळतीच्या नोंदी कराव्यात. आणि रहिवाशांनो, डाग लहान असतानाच कळवा.

कोणते घर आधी, हे धोका पाहून ठरेल. देणगीदाराच्या शिफारशीने नाही. आधी स्लॅब आणि वायरिंग, मग गळती. रंगकामासाठी या निधीतून खर्च होणार नाही. जमाखर्च दर महिन्याला मंडळाच्या फलकावर लागेल. देणगी मंडळाच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत.

आपले नम्र,
घरदुरुस्ती उपसमिती, रहिवासी मंडळ