सर क्रीकचा वाद आणि पालघरचे खलाशी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विजयादशमीच्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, भुज येथे शस्त्रपूजनाच्या प्रसंगी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी, कच्छलगतच्या सर क्रीक या खाडीच्या परिसरात पाकिस्तानने आगळीक केल्यास इतिहास आणि भूगोल दोन्ही बदलतील असे प्रत्युत्तर मिळेल, असा इशारा दिला आणि कराचीकडे जाणारा एक मार्ग या खाडीतूनही जातो, याची आठवण करून दिली. त्यापाठोपाठ ऑक्टोबरच्या अखेरीस पश्चिम सीमेवर तिन्ही दलांचा ‘त्रिशूल’ हा सराव सुरू झाला. या बातम्या आपल्या दैनिकाने ठळकपणे दिल्या, ते योग्यच झाले. मात्र त्या पाण्यावर ज्यांचे पोट चालते, त्या माणसांचा उल्लेख या साऱ्या चर्चेत मला फारसा आढळला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी वेसाव्याचा. मच्छीमार सहकारी सोसायटीत बत्तीस वर्षे डिझेलचे आणि बर्फाचे हिशेब लिहून निवृत्त झालो. सर क्रीक मी पाहिलेली नाही. कच्छ आणि सिंध यांच्या मधली ती ९६ किलोमीटर लांबीची दलदलीची खाडी आहे. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, काठाला तिवरे, वस्ती जवळजवळ नाही. तरीही या खाडीचा मुंबईशी फार जुना संबंध आहे, आणि तो मुंबईकरांना माहीत असायला हवा असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी या खाडीकाठचा लाकूडफाटा कोणी तोडायचा, यावरून कच्छचे राव आणि सिंधचे प्रशासन यांच्यात तंटा झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. साहजिकच तंट्याचा निवाडा मुंबई सरकारने केला, आणि १९१४ साली काढलेल्या त्या सरकारी ठरावातच आजच्या वादाचे मूळ आहे. ठरावासोबतच्या नकाशावर खाडीच्या पूर्व काठाने हिरवी रेघ ओढलेली आहे आणि पाकिस्तान तिच्यावर बोट ठेवून अख्खी खाडी आपली म्हणतो. त्याच ठरावात, खाडीत वर्षातील बराच काळ नौका चालू शकत असल्याने हद्द प्रवाहाच्या मध्यावरून धरावी, असाही आशय आहे, आणि १९२५ च्या नकाशात तशीच रेषा दाखवलेली आहे. भारताचा दावा त्या मध्यरेषेचा आहे. एका कागदाचे दोन परिच्छेद एकशे अकरा वर्षे एकमेकांशी भांडत आहेत.

भारताची बाजू मला सबळ वाटते, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. खाडीत नौका चालतच नाहीत, हा पाकिस्तानचा युक्तिवाद दर्यावर वाढलेल्या कोणालाही पटणार नाही, कारण भरतीच्या वेळा सांभाळून खाडीत होडी घालणे हे तर आमच्या घराघरांतले रोजचे काम होते. परंतु खरा प्रश्न त्या चिखलाचा नाहीच. खाडीच्या मुखाशी जमिनीवरील हद्द जिथे संपते, तिथून समुद्रातील हद्द सुरू होते, आणि तो बिंदू थोडा इकडेतिकडे सरकला की २०० सागरी मैलांपर्यंत पसरलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि तळाखालच्या संपत्तीवर त्या किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो तिथे, पाण्याचा मोठा पट्टा एका देशाकडून दुसऱ्याकडे जातो. त्या पट्ट्यात मासळी आहे, आणि तळाखाली तेल आणि वायू सापडण्याची आशा दोघांनाही आहे. समुद्राकडून सुरुवात करून आधी सागरी हद्द ठरवावी, असे भारताने सुचवले. पाकिस्तानने आधी खाडीचा निकाल लावा, असा हट्ट धरला. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणीही केली, पण २०१२ च्या दिल्लीतील चर्चेनंतर हा विषय बंद पडल्यासारखाच आहे.

असा बंद पडलेला विषय किती धोक्याचा असतो, हे याच भागात यापूर्वी दिसून आले आहे. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात कंजरकोटच्या आसपास चकमकी झाल्या, ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जूनला शस्त्रसंधी झाला, आणि सप्टेंबरमध्ये पंजाबात रणगाड्यांची लढाई पेटली. कच्छमधल्या चकमकींवरून पाकिस्तानच्या नेतृत्वाने भारताच्या तयारीविषयी चुकीचा अंदाज बांधला आणि तोच त्यांना काश्मीरच्या दुस्साहसाकडे घेऊन गेला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे कारगिलचे युद्ध संपून महिनाही झाला नव्हता, तोच १० ऑगस्ट १९९९ रोजी सर क्रीकजवळ भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ हे टेहळणी विमान पाडले. त्यात १६ जण मेले. विमान आमच्या हद्दीत होते असे दोन्ही देश सांगत राहिले, आणि पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने २००० साली आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगून प्रकरण निकाली काढले. आता दोन्हीकडे अण्वस्त्रे आहेत. पहलगामच्या हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये जे चार दिवस गेले, त्यात ड्रोन आणि क्षेपणास्त्रे किती वेगाने मैदानात येतात, हे सर्वांनी पाहिले. त्या हत्याकांडात आपल्या डोंबिवलीचे तिघे गेले. दहशतवाद्यांना धडा शिकवायला हवा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण दहशतवादाचा हिशेब आणि खाडीच्या हद्दीचा हिशेब एकाच वहीत मांडला, तर दुसरा हिशेब कधीच पुरा होणार नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवले होते आणि संध्याकाळ झाली की सारा कोळीवाडा काळोखात बुडायचा. वडिलांची होडी चौदा दिवस वाळूत उभी होती. आई रोज सकाळी घरातले तांदूळ मापून बघायची आणि काही न बोलता डबा बंद करायची. आम्ही मुले आकाशात विमाने शोधायचो. आमच्यासाठी तो खेळ होता. युद्ध जिंकले, त्याचा अभिमान आजही आहे. परंतु युद्धाचा विषय निघाला की मला तो तांदळाचा डबा आधी आठवतो.

आता पालघरविषयी. डहाणू, तलासरी या तालुक्यांतील आदिवासी आणि मच्छीमार तरुण ऑगस्टमध्ये हंगाम उघडला की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याखेरीज परत येता येत नाही. बोट कुठे न्यायची, हे तांडेल ठरवतो. खलाशी जाळे ओढतो. किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही म्हणून बोटी उत्तरेकडे सरकतात, आणि जिथे दोन सरकारांना एकशे अकरा वर्षांत रेषा ओढता आली नाही, तिथे ती रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा त्यांना पकडून कराचीच्या मलीर तुरुंगात टाकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या यंत्रणेने केलेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एक खलाशी बोटीवरच ठार झाला. सुटका झालीच, तर समुद्रात पकडलेला हा माणूस पंजाबातून, वाघा-अटारीच्या फाटकातून, जमिनीवरून घरी येतो. त्याची बोट बहुधा येतच नाही.

माझी बहीण डहाणू तालुक्यात दिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तिच्याकडे गेलो असताना, मुंबईचे मामा अर्ज लिहून देतात असे ऐकून शेजारच्या पाड्यावरची एक बाई आली. तिच्या हातात कापड दुकानाची पिशवी होती आणि तिच्यात नवऱ्याचे आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि बोटीच्या नाळीपाशी उभा असलेला त्याचा एक फोटो होता. शिक्षा संपली तरी नागरिकत्वाची खातरजमा झाल्याशिवाय कैदी सुटत नाही, आणि त्या खातरजमेचे कागद एका सरकारी कार्यालयातून दोनदा परत आले होते, कारण दाखल्यावरचे वडिलांचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता. मी अर्ज लिहून दिला. जाताना तिने एवढेच विचारले, “मामा, यादीत नाव आलंय का, तेवढं बघाल?”

ती म्हणत होती ती यादी म्हणजे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांना देतात ती कैद्यांची यादी. १ जुलै २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे मच्छीमार होते, आणि आपल्याकडे त्यांचे ८१. दोन्ही देशांनी समुद्रविषयक संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केलेला आहे, भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये. त्या कराराच्या ७३ व्या कलमानुसार, आपसांत वेगळा करार नसेल तर विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीच्या नियमभंगासाठी तुरुंगवास देता येत नाही, आणि पकडलेली नौका व खलाशी वाजवी हमीवर ताबडतोब सोडावे लागतात. मग ज्या पाण्याची मालकीच ठरलेली नाही, तिथल्या मासेमारीसाठी माणसे वर्षानुवर्षे कोंडून कशी ठेवली जातात? हा प्रश्न पाकिस्तानला विचारायचा तर आपल्या तुरुंगातील त्यांच्या ८१ मच्छीमारांबाबतही तोच नियम आपण पाळला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की २६ नोव्हेंबर २००८ चे मारेकरी समुद्रातूनच आले होते. मुंबईकराला ते सांगावे लागत नाही. त्यांनी पळवलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका होती आणि तिच्यावरचे तांडेलासह पाचही जण त्यांनी ठार मारले, म्हणजे त्या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते. उलट मी असे म्हणेन की हद्द पक्की असेल, दोन्हीकडच्या मच्छीमारांना ती यंत्रावर दिसत असेल, तर भरकटलेली बोट कोणती आणि हेतूने आलेली कोणती, हे आपल्या तटरक्षक दलाला लवकर ओळखता येईल.

हद्द ठरवण्यात कमीपणा नाही, हे आपल्याच देशाने दाखवून दिले आहे. कच्छच्या रणातील वादग्रस्त भागापैकी सुमारे दहावा हिस्सा १९६८ साली लवादाने पाकिस्तानला दिला, तेव्हा देशभर संताप उसळला आणि कच्छमध्ये सत्याग्रह झाला. तरीही सरकारने निवाडा पाळला, आणि वादग्रस्त हद्द निश्चित करणे म्हणजे भूमी देऊन टाकणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केले. २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर लवादाने बांगलादेशला दिले, आणि भारताने तेही मान्य केले. पाकिस्तानशी तिसऱ्याच्या मध्यस्थीने बोलायचे नाही, हे सिमला करारापासूनचे आपले धोरण मला समजते आणि ते बदलावे असे मी म्हणत नाही. पण मग दोघांनीच बसायला हवे, आणि २००७ ची संयुक्त मोजणी कपाटात पडून आहे.

तोपर्यंत एक काम आजही करता येण्यासारखे आहे. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक समिती २००७ साली कैद्यांसाठी नेमली गेली होती. ती तुरुंगांना भेटी देत असे आणि आजारी, शिक्षा संपलेल्या कैद्यांच्या सुटकेची शिफारस करीत असे. २०१३ पासून तिची भेट झालेली नाही. ती पुन्हा सुरू करावी, यासाठी महाराष्ट्र सरकारने केंद्राकडे आग्रह धरावा, आणि खातरजमेचे कागद पालघर जिल्ह्यातच, एका ठिकाणी, मुदतीत पूर्ण करून द्यावेत.

आपल्याला एक विनंती आहे. येत्या १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होईल. त्या दिवशीचा मच्छीमारांचा आकडा, आणि त्यात पालघरचे किती, हे कृपया पहिल्या पानावर छापावे. त्या बाईला मी अजून उत्तर दिलेले नाही.

आपला नम्र,
एक वाचक,
वेसावे, मुंबई