कस्टर काउंटीतली मातीची घरं

ती. आई आणि बाबा यांना
शि. सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी आईने फोनवर विचारलं होतं, "तिकडं सगळं नवंच असेल ना गं? जुनं म्हणावं असं काही आहे का?" तेव्हा घरात मुलांचा गलका चालला होता आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. तसंही ते फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, यातला बराच भाग तुमच्या जमीन मोजणीच्या खात्याचा आहे. तुम्ही मोठ्याने वाचा, आई ऐकेल.

मातीचे नमुने घ्यायला मला इथे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या कर्नीहून उत्तरेकडे कस्टर काउंटीत जावं लागतं. काउंटी म्हणजे इथला जिल्हाच. ब्रोकन बो हे तिचं मुख्य गाव. क्षेत्रफळ साधारण 6,670 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्यापेक्षा थोडंच कमी. लातूरची लोकसंख्या 2011 मध्येच साडेचोवीस लाख होती. कस्टरमध्ये 2020 च्या जनगणनेत साडेदहा हजार माणसं भरली. शंभर वर्षांपूर्वी हीच संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. माणसं कमी का होत गेली, ते इथल्या जुन्या मातीच्या घरांकडे बघितलं की कळतं.

सरकारने वाटायला काढलेली ही जमीन मोकळी नव्हती, हे आधी सांगायला हवं. लूप आणि प्लॅट या नद्यांच्या काठी पॉनी या इथल्या मूळ लोकांची गावं होती आणि त्यांची घरंही मातीचीच होती. लाकडी खांबांचा मोठा गोल सांगाडा, त्यावर फांद्या आणि गवत, वरून मातीचा जाड थर, आणि दार पूर्वेला. बायका नदीकाठच्या सुपीक पट्ट्यात मका, घेवडा आणि भोपळा लावायच्या. वर्षातून दोनदा सगळं गाव रानरेड्यांच्या (बायसनच्या) शिकारीला पश्चिमेकडे निघायचं. करारांमागून करार होत जमीन गेली, रोगराईने माणसं गेली. लकोटा या दुसऱ्या मूळ जमातीचे हल्ले चालूच होते. शेवटी 1875 च्या सुमाराला उरलेल्या पॉनींना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्यांचं एकही जुनं घर उभं नाही. काही ठिकाणी जमिनीवर गोल खळगे तेवढे दिसतात. इथे जुन्या घरांची गोष्ट गोऱ्या वसाहतवाल्यांपासून सुरू करायची सवय आहे. मला ते पटत नाही.

आता बाबांचा भाग. 1785 च्या कायद्याने अमेरिकेने जमिनीची मोजणी कशी करायची ते ठरवलं. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे 36 तुकडे. एक तुकडा म्हणजे एक सेक्शन, 640 एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा 160 एकर. मोजणीवाले 66 फुटी साखळी ओढत माळ तुडवायचे, 80 साखळ्या झाल्या की एक मैल. तुमची 33 फुटांची साखळी बरोबर तिच्या निम्मी, म्हणून तर आपला गुंठा 33 बाय 33 फुटांचा. तुम्ही ओढा बघून, बांध बघून, शेजाऱ्याची तक्रार ऐकून हद्द कायम करायचात. इथे रेघ आधी आली आणि माणूस नंतर. ओढा आडवा आला तरी रेघ सरळच गेली. माळावर हद्दीला दगड नाही की खूण सांगायला झाड नाही, मग कोपऱ्यावर खड्डे खणून त्याच मातीचा उंचवटा करायचा आणि खुंटी ठोकायची. प्रत्येक टाउनशिपमधले 16 आणि 36 नंबरचे सेक्शन शाळांसाठी राखून ठेवले होते. तुम्हाला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मग 1862 मध्ये लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. 21 वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला किरकोळ फी भरून 160 एकर घेता येत. अविवाहित मुली आणि विधवा बायकांनाही घेता येत. अट अशी की त्याच जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, मग मालकी. या एका अटीने इथलं सगळं जगणं ठरवलं. आपल्याकडे पांढरीत घरं आणि काळीत शेतं. सकाळी माणूस शेतात जातो, संध्याकाळी गावात परत येतो. इथे कायद्यानेच गावठाणाला जागा ठेवली नाही. प्रत्येकाने आपापल्या 160 एकरात एकट्याने राहायचं, शेजारी अर्ध्या-पाऊण मैलावर. बाळंतपण असो की ताप, हाक मारली तर ऐकू जाईल असं कुणी नाही. बायकांनी हे दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

घर बांधायचं तर लाकूड नव्हतं. ब्रोकन बोला रेल्वे 1886 मध्ये आली, त्याआधी फळ्या लांबून बैलगाडीने आणाव्या लागत. मग त्यांनी हिरवळीसकट जमीनच कापली. 'ग्रासहॉपर' नावाचा एक नांगर असायचा. तो माती फोडत नाही, फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड पट्टी सोलून काढतो. तिचे फावड्याने दोन-तीन फुटी तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून रचायचे. दोन-तीन थरांनंतर एक थर आडवा, म्हणजे भिंतीची वीण बसते. भिंत दोन ते तीन फूट जाड. नदीकाठचं एखादं मोठं लाकूड आढ्याला, वर फांद्या आणि वर पुन्हा तीच हिरवळ. जळणाला रानरेड्यांच्या आणि गुरांच्या वाळलेल्या शेणी. आई, हे वाचून मला तू आठवलीस. लांब झगे घातलेल्या त्या बायका झग्याच्या ओच्यात शेणी गोळा करून आणायच्या.

मातीवाली म्हणून एक सांगते. या ढेकळांना धरून ठेवणारी माती नाही, मुळं. हजारो वर्षांच्या गवताने वीतभर थरात मुळांचं असं जाळं विणलं होतं की तुकडा उचलला तरी सुटायचा नाही. एकदा नांगर फिरला, मका लागला, की ते जाळं मेलं. ज्या नांगराने घराच्या भिंती दिल्या, त्यानेच पुढच्या घरांचं सामान संपवलं. आज कुणाला तसं घर बांधायचं झालं, तर नांगर कधीच न लागलेला माळ आधी शोधावा लागेल. आणखी पश्चिमेला सँडहिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्यांत तर ढेकूळच टिकत नव्हतं. तिथे आर्थर गावात 1928 मध्ये लोकांनी पेंढ्याच्या दाबलेल्या गठ्ठ्यांचं चर्च बांधलं. ते अजून उभं आहे.

मूळ हिरवळीची घरं मात्र आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्यातलं एक कॉमस्टॉक गावाजवळ आहे, डाउस कुटुंबाचं. विल्यम आणि फ्लॉरेन्स डाउस यांनी ते 1900 मध्ये बांधलं आणि 1959 पर्यंत कुटुंबातली माणसं त्यात राहिली. नंतर ते ओस पडलं, छत खचायला लागलं. शेवटी घरच्यांनी आणि आजूबाजूच्या लोकांनी दुरुस्त करून 1982 मध्ये ते बघायला खुलं केलं. मी गेले तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पाऊल टाकताच गारवा. खिडकीच्या कोनाड्यात हात घातला तर कोपर आत गेलं तरी काच लागेना, इतकी जाड भिंत. भिंतीला आतून गिलावा आहे, पण सरळ नाही. हात फिरवला की खालच्या थरांचे उंचवटे लागतात. ब्रोकन बोजवळ हॉमॉन्ट नावाच्या बेल्जियन माणसाने 1880 च्या दशकात याच ढेकळांचं दुमजली घर बांधलं होतं, कोपऱ्यांना गोल बुरूज असलेलं. ते 1967 पर्यंत टिकलं, आणि मग पाडून टाकलं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण या घरांचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. पाऊस दोन दिवस पडला की छत पुढचे तीन दिवस गळायचं. वरून माती, किडे, कधी साप पडायचा, म्हणून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत. फळ्या परवडायला लागल्या तशी माणसं लाकडी घरात गेली, आणि बरोबरच केलं. पुढे 1890 च्या दशकात, विशेषतः 1894 ला, दुष्काळ पडला आणि कितीतरी जण जमीन टाकून परत गेले. इतक्या कमी पावसाच्या माळावर 160 एकरात संसार चालत नाही, हे सरकारला कळायला 1904 उजाडलं. तेव्हा पश्चिम भागात 640 एकर द्यायचा कायदा झाला. नंतर यंत्रं आली, एकाने चौघांची जमीन घेतली आणि मधली घरं रिकामी झाली. आता मक्याच्या शेतात मध्येच झाडांच्या दोन-चार ओळी दिसतात. तिथे घर होतं असं समजायचं, झाडं वारा अडवायला लावलेली. कुठे लाकडी सांगाडा उभा असतो, कुठे नुसती लायलॅकची झुडपं.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठा वाटतो तो एक फोटोग्राफर, सॉलोमन बुचर. तो 1880 मध्ये इथे आला आणि त्यानेही जमीन घेतली, पण शेती त्याच्याने होईना. 1886 मध्ये त्याने ठरवलं की कस्टर काउंटीतल्या प्रत्येक वसाहतवाल्याचा घरासकट फोटो काढायचा. घोडागाडीत कॅमेरा आणि फोटो उमटवायच्या काचा घालून तो सात वर्षं फिरला. 1899 मध्ये त्याचं घर जळालं, लिहिलेलं सगळं गेलं. काचेच्या प्लेटा दुसरीकडे ठेवलेल्या होत्या, त्या तेवढ्या वाचल्या. पुन्हा माहिती जमवून त्याने 1901 मध्ये पुस्तक काढलं. पुढे त्या प्लेटा राज्याच्या इतिहास संस्थेने घेतल्या. आता त्या इतक्या बारकाईने स्कॅन केल्यात की उघड्या दाराच्या अंधारातलं घरातलं सामानसुद्धा दिसतं.

फोटो घराबाहेर, उजेडात. घरातलं जे दाखवावंसं वाटेल ते माणसं अंगणात आणून ठेवायची. रॉडिंग कुटुंबाने टेबल बाहेर काढलंय आणि त्यावर कलिंगड कापून ठेवलंय. मागे टेकडीला टेकून घर आहे, त्यामुळे गाय छपरावर उभी असल्यासारखी दिसते. हिल्टनबाईंना मातीच्या घराची लाज वाटायची. त्यांनी घर फोटोत येऊ दिलं नाही, पण आपला पायपेटीचा ऑर्गन उचलून बाहेर आणायला लावला आणि त्याच्याशेजारी कुटुंब उभं केलं. शोअर्स नावाचं कृष्णवर्णीय कुटुंब आहे. क्रिसमन घराण्यातल्या चार बहिणी आहेत. जमिनीवर राहण्याची अट पुरी व्हावी म्हणून त्या आळीपाळीने एकमेकींच्या घरी सोबतीला राहायच्या. ही घरं केव्हाच जमीनदोस्त झाली. त्यांतली माणसं कशी राहात होती हे मला आज सांगता येतं, ते या एका माणसामुळे.

हे सगळं लिहायला आणखी एक कारण आहे. भाऊ म्हणाला, यंदा वाड्याचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचा. मी विरोध करणार नाही. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीला माळवदांच्या आणि दगडमातीच्या भिंतींच्या वजनाखाली किती माणसं गेली, ते आपण जवळून बघितलंय. आई अजूनही त्या छताखाली निर्धास्त झोपत नाही. गढीची पांढरी माती आता मिळत नाही आणि माळवद नीट घालणारी माणसंही राहिली नाहीत. उतरवा. तुम्ही सुरक्षित असणं मला वाड्यापेक्षा मोलाचं आहे.

पण त्याआधी बाबा, तुम्ही वाडा मोजा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यात, आता आपलं घर. किती खण, भिंतीची जाडी किती, ढाळज केवढी, देवळ्या कुठे, बळद कुठे, तुळया कुठल्या लाकडाच्या, सगळं उतरवून घ्या. आजीची बाळंतिणीची खोली कोणती होती आणि उत्तरेची भिंत कुठल्या वर्षी पडून पुन्हा बांधली, ते आईला विचारून त्या त्या जागी लिहा. भाऊने सकाळच्या उन्हात तुम्हा दोघांचा दारासमोर फोटो काढावा. आई, तुला फोटोत जे हवं असेल ते बाहेर आणून ठेव, शिलाई मशीन तर नक्कीच. नवी साडी नेसायची गरज नाही.

मजूर मे महिन्यात लावणार असं भाऊ म्हणत होता, म्हणजे एप्रिलमध्ये मोजणी व्हायला हवी. शिडीवर बाबांनी चढू नये, वरची मापं भाऊने घ्यावीत. मापं फूट-इंचात लिहिलीत तरी चालतील, कागदाचे फोटो पाठवा. नकाशा मी इथे काढून तुमच्याकडे तपासायला पाठवते.

तुमची
ताई