याचिका फेटाळली म्हणजे आरोप खोटे ठरले असे नव्हे

महोदय,

मुदत उलटल्यावर निवडणूक याचिकेत दुरुस्ती नाकारणाऱ्या निकालाचे आपण कालच्या अग्रलेखात तोंड भरून स्वागत केले आहे. ‘पराभूतांनी रडीचा डाव खेळू नये’ हे त्यातले वाक्य जिव्हारी लागले, म्हणून हे पत्र.

माझी भावजय ग्रामपंचायतीला उभी होती. चार मतांनी पडली. मतदान प्रतिनिधी म्हणून माझा पुतण्या बसला होता. तो शिकायला बाहेरगावी असतो, गावातली निम्मी नावे त्याला ओळखीची नाहीत. मत पडले की यादीतल्या त्या क्रमांकापुढे पेन्सिलने बारीक खूण, एवढेच त्याचे काम. निकालानंतर दोन दिवसांनी ती यादी ओसरीवर पसरून आम्ही वाचत होतो. आईने एका खुणेवर बोट ठेवले आणि म्हणाली, “अरे, हिच्या तेराव्याला आपण जेवून आलो की!” शोधता शोधता अशी पाच नावे निघाली.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. पाचांपैकी दोघे गावातच वारले होते, त्यांचे मृत्यूचे दाखले लगेच मिळाले. उरलेले तिघे मुलांकडे शहरात गेले ते तिकडेच वारले, असे नुसते कानावर होते. ज्या त्या शहरातून दाखले काढायचे म्हणजे हेलपाटे. कुठे साहेब रजेवर, कुठे संगणक बंद, त्यात मध्ये दोन शनिवार-रविवार. वकील म्हणाले, “शपथेवर लिहून द्यायचे आहे. कागद हातात नसताना जिवंत माणसाला मेलेला म्हणालात तर तुम्हीच अडकाल.” म्हणून पंधराव्या दिवशी दोनच नावांवर अर्ज दाखल केला. उरलेल्या तिघांपैकी शेवटचा दाखला हातात पडला तो एकविसाव्या दिवशी.

ती तीन नावे घालू द्या, असा दुरुस्तीचा अर्ज आम्ही दिला. तो फेटाळला गेला, कारण नवी नावे म्हणजे नवे प्रकरण आणि मुदत तर संपलेली. चार मतांच्या फरकाला दोन नावे कशी पुरणार? आमची याचिका त्याच दिवशी संपली. आणि हा अर्ज निकाली निघायला चौदा महिने लागले! आम्हाला मात्र सहा दिवसांची सवलत नव्हती.

मुदत हवी, याबद्दल माझे दुमत नाही. निवडून आलेल्याच्या डोक्यावर पाच वर्षे टांगती तलवार ठेवता येत नाही. विधानसभा-लोकसभेसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ४५ दिवस दिले आहेत. कलम ८६(५) नुसार निवडणुकीतल्या भ्रष्ट आचरणाच्या आधीच केलेल्या आरोपाचा तपशील नंतर वाढवता येतो, नवा आरोप घालता येत नाही. जॉर्ज फर्नांडिस यांच्या १९६७ च्या दक्षिण मुंबईतील विजयाविरुद्धच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मूळ वस्तुस्थिती आणि तिचा तपशील यांतला हा फरक स्पष्ट केला. तो मला मान्य आहे. पण मेलेल्या माणसांच्या नावावर मतदान झाले हा आमचा आरोप पहिल्या दिवसापासून अर्जात होता. त्याच आरोपातली आणखी तीन नावे हा तपशील का नाही? इंदिरा गांधींच्या निवडीला आव्हान देणाऱ्या राजनारायण यांच्या प्रकरणात १९७२ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने, खटला म्हणजे बुद्धिबळाचा डाव नव्हे, असे म्हटले होते. आपल्याला मात्र आमचाच डाव रडीचा दिसला.

शिवाय पुरावा असतो कोणाच्या ताब्यात? याचिका आली नाही तर विधानसभा-लोकसभेच्या मतदानाचे सीसीटीव्ही चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करा, असे निवडणूक आयोगाने ३० मे २०२५ रोजी कळवले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून असे चित्रण लोकांना पाहण्याची वाटही बंद केली. म्हणजे चित्रण पाहायला न्यायालयात जायचे, आणि न्यायालयात जायला जी वस्तुस्थिती लागते ती त्या चित्रणात. मुदत पाळायला लावायची असेल तर मागितलेला सरकारी कागद त्या मुदतीच्या आत मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर तेवढे दिवस मुदतीतून वगळावेत. याहून जास्त आमचे मागणे नाही.

आणखी एक. आमच्या प्रकरणाची चार ओळींची बातमी आपल्याच जिल्हा आवृत्तीत आली होती, मथळा होता ‘आरोपांत तथ्य नाही’. तथ्य आहे की नाही हे कोणी तपासलेच नाही, आमच्या एकाही साक्षीदाराला उभे केले नाही. तो मथळा मोठा करून चौकात फलकावर लावला गेला आणि भावजय तीन महिने बाजाराला गेली नाही. कालच्या निकालालाही आपण तसाच मथळा दिला आहे. पेन्सिलच्या खुणांची ती यादी आणि पाचही दाखले माझ्याकडे आहेत, आपल्या कार्यालयात आणून दाखवतो. निदान मथळ्याची दुरुस्ती तरी छापावी. तिला मुदत नसावी.

आपला,
एक जुना वाचक